जॅकी फेबर कुणाच्या हाती द्यावी?

‘ब्लडी जॅक’ या पुस्तकमालेबद्दल पालकांचे आणि शिक्षकांचे दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांनी पुस्तकं बहुधा अर्धीमुर्धीच वाचलेली असतात. एक तट म्हणतो, मुलींच्या हाती नेमकं हेच द्या: समुद्र, तोफा, चाचे, आणि मध्यभागी कुणाच्या परवानगीची वाट न बघणारी मुलगी. दुसरा तट अंगचटीला येणारा खलाशी बघतो आणि पुस्तक मिटून कपाटाच्या वरच्या खणात टाकतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण एकूण बारा पुस्तकं आहेत आणि ती एका मापाची नाहीत, तेव्हा सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाही’ म्हणून सुटका होत नाही.

लेखक एल. ए. मेयर हे अमेरिकन. तरुणपणी अमेरिकी नौदलात अधिकारी, पुढे चित्रकार, मेन राज्याच्या किनाऱ्यावर स्वतःचं चित्रदालन चालवणारे. साठीच्या उंबरठ्यावर असताना, २००२ साली, त्यांचं पहिलं ‘ब्लडी जॅक’ आलं. बारावं पुस्तक २०१४ साली, त्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांनी बाहेर पडलं. कल्पना कुठून सुचली तेही त्यांनी सांगून ठेवलं आहे: रेडिओवर जुनी ब्रिटिश लोकगीतं ऐकताना. त्या गाण्यांत पुरुषवेष घालून जहाजावर चढणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, पण जवळपास सगळ्या प्रियकराच्या मागे निघालेल्या. मेयर यांनी मनाशी विचारलं, की एखादी पोर प्रियकरासाठी न जाता निव्वळ दोन वेळच्या जेवणासाठी गेली तर?

या एका प्रश्नाने पहिल्या पुस्तकाची भट्टी जमली. अठराव्या शतकाच्या अखेरचं लंडन. साथीत आई, वडील, धाकटी बहीण गेलेली मेरी फेबर ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली रस्त्यावरच्या पोरांच्या टोळीत वाढते. टोळीचा म्होरक्या चार्ली मारला जातो. मेरी त्याच्या अंगावरचे कपडे काढून स्वतः घालते, त्याच्या सुरीने केस कापते आणि बंदराची वाट धरते. इथे शोकाला सवड नाही. कपडे चांगले आहेत आणि त्याला आता ते लागणार नाहीत, इतका रोखठोक हिशोब. वडिलांनी वाचायला शिकवलेलं असतं, तेवढ्या भांडवलावर ‘डॉल्फिन’ या युद्धनौकेवर तिला पोऱ्या म्हणून घेतात, आणि मेरीची जॅक होते, पुढे जॅकी.

तिथून पुढची शंभरेक पानं मुलांच्या साहसकथेत क्वचित सापडतील अशी आहेत, कारण साहस तिथे तपशिलात आहे. त्या काळच्या ब्रिटिश युद्धनौकेवर खलाशाला झोळी टांगायला नियमाने १४ इंच रुंदीची जागा मिळे. निम्मे लोक पहाऱ्यावर असले म्हणजे ती दुप्पट व्हायची, एवढीच काय ती चैन. शौचाची सोय जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, वारा आणि लाटांच्या तोंडावर, सर्वांदेखत. अशा ठिकाणी मुलगी असल्याचं लपवायचं कसं? जॅकी पोरांची चाल, थुंकणं, खाजवणं, उभं राहण्याची ढब न्याहाळते आणि एकेक गोष्ट घोटून घेते. शिवणकाम येतं म्हणून सोबतच्या पोरांना गणवेश शिवून देते; हे बायकी काम आहे असं तिथे कुणाच्या मनातही येत नाही, कारण शिडं आणि कपडे शिवणं हे जहाजावर पुरुषांचंच काम. पहिली पाळी येते तेव्हा आपण मरतोय अशी तिची खात्री होते, आणि विचारायला अख्ख्या जहाजावर एक माणूस नसतो. बंदराला लागल्यावर ती एका वेश्येला गाठून विचारते. हा प्रसंग वाचून नाक मुरडणारे आहेत. मुलींसाठी लिहिलेल्या पुष्कळ सोज्ज्वळ पुस्तकांनी जे धडपणे सांगितलं नाही ते इथे विनोदाने आणि मायेने सांगितलं आहे, असं आमचं मत.

आता इतिहासाची बाजू. हे सारं घडू शकलं असतं का? ‘काहीतरीच!’ असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. हॅना स्नेल ही इंग्रज बाई जेम्स ग्रे या नावाने नौसैनिकांच्या तुकडीत भरती झाली आणि १७४८ साली अॅडमिरल बॉस्कवेनच्या आरमाराबरोबर थेट आपल्या पाँडिचेरीच्या वेढ्यात लढली. तिथे ती जखमी झाली. वेष उघडा पडू नये म्हणून जांघेतली गोळी तिने एका स्थानिक बाईच्या मदतीने, डॉक्टरला न दाखवता काढली, असं १७५० साली लंडनमध्ये छापलेल्या तिच्या चरित्रात आहे. त्या चरित्राला प्रकाशकाने तिखटमीठ लावलं असणार यात शंका नाही, पण तिला सैनिकी निवृत्तिवेतन मिळालं ही गोष्ट पक्की. मेरी लेसी १७५९ साली घर सोडून पळाली, विल्यम चँडलर झाली, समुद्रावर राहिली, मग पोर्टस्मथच्या गोदीत सात वर्षं उमेदवारी करून रीतसर जहाजबांधणीची कारागीर बनली. सांधेदुखीने काम सुटलं तेव्हा तिने स्वतःच्या खऱ्या नावाने अर्ज केला आणि नौदलाने तिला निवृत्तिवेतन दिलं. फ्रान्सची जान बारे ही वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमेर्सोनची मदतनीस म्हणून, पुरुषवेषात, बूगँव्हिलच्या १७६६ च्या मोहिमेवर निघाली. ताहितीला बिंग फुटलं, तरी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचंच नाव घेतात.

आणि वेष न बदलताही बायका जहाजांवर होत्याच. छोट्या अधिकाऱ्यांच्या, खलाशांच्या बायका सोबत असत, लढाई जुंपली की तळघरातून तोफांसाठी दारू वाहून आणत, जखमींना धरत. हजेरीपटावर मात्र त्यांचं नाव नसे, म्हणजे शिधाही नाही आणि पगारही नाही. १८४७ साली राणी व्हिक्टोरियाच्या सरकारने जुन्या सागरी लढायांसाठी पदक जाहीर केलं तेव्हा नाइलच्या आणि ट्रफाल्गरच्या लढाईत हजर असलेल्या काही बायकांनीही अर्ज केले. पदक लढाईत हजर असलेल्या प्रत्येकासाठी होतं, तरी त्यांचे अर्ज शेवटी नाकारले गेले, कारण एकीला दिलं तर अशा इतर अनेकजणी मागायला येतील. सरकारी कचेरीचा हा युक्तिवाद आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

म्हणजे पहिल्या पुस्तकातली जॅकी इतिहासाला धरून आहे. खोट पुढे सुरू होते. तिसऱ्या ‘अंडर द जॉली रॉजर’ या पुस्तकात सक्तीच्या भरतीवाल्यांच्या हाती ती चुकून सापडते, लंपट कप्तानाच्या जहाजावर जाऊन पडते, आणि बघता बघता ते जहाज तिच्या हुकमाखाली येतं. पुस्तक संपतं ट्रफाल्गरला, म्हणजे ऑक्टोबर १८०५ मध्ये. इथवर वाचक खुशीने फसतो. पण नंतर मिसिसिपी नदी, नेपोलियनच्या फौजेत हेरगिरी, क्यूबाच्या समुद्रात बुडालेलं स्पॅनिश सोनं, स्पेनमध्ये चित्रकार गोयाचा स्टुडिओ... इतिहासाचा एकही दरवाजा असा उरत नाही की जो जॅकी ठोठावते आणि तो उघडत नाही. पहिल्या पुस्तकात एका पोराने चुकून पाहिलं तरी तिचं सगळं संपणार होतं. दहाव्या पुस्तकात फासाची दोरी गळ्यात पडली तरी वाचक चहा ढवळत राहतो.

यावर मालिकेच्या चाहत्यांचं उत्तर ठरलेलं आहे: मुलग्यांच्या नायकांना हा हिशोब कधी विचारला? कॅप्टन मॅरियटच्या सागरी कादंबऱ्यांपासून आजपर्यंत शेकडो कोवळे मिडशिपमन, म्हणजे नौदलातले शिकाऊ अधिकारी, बुडत्या जहाजांतून कोरडे बाहेर आलेत. आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही चीनच्या सीमेवर जाऊन येतो, आणि ‘शाळा कधी करतो रे?’ असं त्याला कुणी विचारत नाही. मग मुलीनेच का जमाखर्च द्यायचा? हे उत्तर बिनतोड आहे, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. जॅकी मुलगी आहे म्हणून तिच्या नशिबाला आमचा आक्षेप नाही. पहिल्या पुस्तकात तिचं मुलगी असणं ही जहाजाइतकीच खरी, अंगाला घासणारी अडचण होती, आणि त्या अडचणीशी झुंजतानाच ती मोठी होत होती. पुढे लेखकाने लाडाने ती अडचणच काढून घेतली. मग उरली ती कुठल्याही मिडशिपमनसारखी एक मिडशिपमन, फक्त जरा जास्त गोड गाणारी.

लाडाची दुसरी बाजू अधिक टोचणारी आहे. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात कुणीतरी जॅकीच्या अब्रूवर उठतो. पहिल्या पुस्तकात याला वजन आहे: खलाशी तिच्यावर झडप घालतो, झटापटीत मरतो, आणि त्या भीतीचा आणि खुनाचा डाग तिच्या मनावर राहतो. ते जग तसं होतं, लपवण्यात अर्थ नाही. पण हाच प्रसंग वेगळ्या कप्तानाच्या, वेगळ्या पुढाऱ्याच्या नावाने पुन्हा पुन्हा आला की त्याची सवय होते. आणि तिचे कपडे कसे होते, ते कसे निसटले, याची वर्णनं रेंगाळू लागतात तेव्हा लेखकाची नजर नेमकी कुठे आहे, असा प्रश्न पडतो. गोष्ट जॅकी स्वतः सांगते आहे, म्हणून नजर तिचीच, असा बचाव करतात. तो पुरा पटत नाही. स्वतःच्या देहाबद्दल बिनधास्त असलेली मुलगी आणि बिनधास्त मुलीकडे मिटक्या मारत बघणारं पुस्तक यांतला फरक तेरा वर्षांच्या वाचिकेला शब्दांत सांगता येणार नाही, पण तो तिला जाणवल्याशिवाय राहत नाही. तिने तो बोलून दाखवला तर ऐकायला घरात कुणीतरी असावं.

मधल्या पुस्तकांत एक मात्र उजवं आहे. चौथं, ‘इन द बेली ऑफ द ब्लडहाउंड’. बोस्टनच्या श्रीमंत घरांतल्या शाळकरी मुलींना फसवून गुलामांच्या जहाजात कोंबतात आणि उत्तर आफ्रिकेच्या बाजारात विकायला निघतात. काळ १८०६ च्या आसपासचा. ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली १८०७ मध्ये, अमेरिकेने आयातीवर १ जानेवारी १८०८ पासून. म्हणजे अटलांटिकवर हा धंदा अजून कायदेशीरपणे चालू होता. कथा जवळजवळ सगळी जहाजाच्या पोटात, अंधारात घडते. पळायला जागा नाही, बंदर नाही, ओळखीचा कप्तान नाही. आणि म्हणूनच जॅकीला एकटीने पराक्रम करता येत नाही. कालपर्यंत तिला मोलकरीण समजणाऱ्या मुलींना पाळ्या लावायच्या, जेवण वाटून घ्यायचं, रडणाऱ्यांना कामाला जुंपायचं, पहारेकऱ्यांच्या सवयी टिपायच्या, हे तिला करावं लागतं. अडचण परत आली आणि नायिकाही परत आली. याला एक गंभीर आक्षेप घेता येतो: आफ्रिकेतून नेलेल्या लाखो काळ्या माणसांना भोगावं लागलेलं नरकाचं तळघर गोऱ्या मुलींच्या साहसासाठी उसनं घेतलं आहे. आक्षेप रास्त आहे. तरी त्या तळघराची उंची, हवा आणि दुर्गंधी आधी कधी वाचलीच नसेल अशा वाचिकेला, इथे खरं कोण कोंबलं जात होतं, हे विचारायची वाट हेच पुस्तक दाखवतं. ती वाट पुढे नेणं शिक्षकाचं काम.

आपल्या दृष्टीने कुतूहलाचं पुस्तक आठवं, ‘द वेक ऑफ द लोरेलाय ली’. जॅकीला जन्मठेपेची शिक्षा होऊन कैदी बायकांनी भरलेल्या जहाजातून ऑस्ट्रेलियाला पाठवतात. या कल्पनेला पाया आहे: १७८९ साली ‘लेडी ज्युलियाना’ हे जहाज दोनशेहून अधिक कैदी बायका घेऊन इंग्लंडहून निघालं होतं. वाटेत मुंबई लागते. तिथे रवी नावाचा चुणचुणीत अनाथ पोऱ्या जॅकीला भेटतो आणि पुढे तिच्यासोबतच राहतो. रवी गोड आहे. मुंबई मात्र हत्ती, गर्दी आणि गंमतजंमत एवढ्यावरच आटोपते.

इथे मेयर यांनी हात आखडता घेतला याचं वाईट वाटतं, कारण नौदलात उमेदवारी केलेल्या माणसाला दाखवण्यासारखं खरं साहस तिथे गोदीतच उभं होतं. त्या वर्षांत वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची जहाजं बांधत होते. १८१० साली तिथून ‘मिंडेन’ ही ७४ तोफांची युद्धनौका पाण्यात उतरली, आणि १८१७ साली उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर रत्नागिरी आणि घोघ्याकडचे खलाशी ‘लास्कर’ म्हणून चढत, आणि परक्या बंदरात त्यातले कित्येक मागे सोडले जात. कोकणचा समुद्र तर त्याच्या शतकभर आधी कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांनी आणि गलबतांनी गाजवला होता. रवी या किनाऱ्यावरचा पोऱ्या आहे, तरी त्याच्या नजरेने आपल्याला एकही जहाज दिसत नाही. जहाजं बांधणारं शहर जॅकीच्या वाटेवरचा एक तमाशा होऊन जातं. आपल्याकडच्या मुलांना हे पुस्तक देऊ नये असं नाही. देताना मधलं गाळलेलं त्यांना सांगावं.

याच जातीचं एक वेगळं पुस्तक शेजारी ठेवलं की मालिकेची मापं नीट कळतात. अॅवी या लेखकाचं १९९० सालचं ‘द ट्रू कन्फेशन्स ऑफ शार्लट डॉयल’. १८३२ साली तेरा वर्षांची सुखवस्तू घरातली शार्लट लिव्हरपूलहून अमेरिकेला निघते. जहाजावर ती एकटीच मुलगी, आणि कप्तान कसाई. ती मुलगा असल्याचं सोंग घेत नाही. खलाशांमध्ये सामील व्हायचं असेल तर सर्वांदेखत डोलकाठीच्या टोकापर्यंत चढून दाखव, अशी अट पडते, आणि ती चढते. ऐतिहासिक शक्यतेच्या काट्यावर तोललं तर जॅकीचं पारडं जड. त्या काळात अशी मुलगी उघडपणे खलाशी होणं जवळजवळ अशक्य. पण शार्लटने कप्तानावर आंधळा विश्वास ठेवून केलेल्या चुकीची किंमत दुसरेच मोजतात, आणि ते ओझं एकाच पुस्तकात शेवटपर्यंत तिच्या खांद्यावर राहतं. जॅकीच्या बारा पुस्तकांत एवढं जड ओझं फार वेळा येत नाही. उलट हसू, गाणी, खाण्याची आस, मैत्रिणींची थट्टा हे जॅकीकडे भरभरून आहे आणि शार्लटकडे जवळजवळ नाही. बऱ्याच मुली शार्लटचा आदर करतील आणि रात्री पांघरुणात टॉर्च लावून जॅकी वाचतील.

वेषांतराची गोष्ट आता कालबाह्य झाली का, असंही विचारलं जातं. १० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून ‘तारिणी’ या ५५ फुटी शिडाच्या बोटीतून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या. बोट गोव्यातच, दिवाडी बेटावर बांधलेली. २०२४-२५ मध्ये त्याच बोटीतून दोघीजणींनी पुन्हा तीच प्रदक्षिणा केली. केस कापायची गरज कुणालाच पडली नाही. तरी जॅकीच्या पहिल्या पुस्तकातली धास्ती या मुलींच्या पिढीला परकी वाटेल असं आम्हाला वाटत नाही. क्रिकेटच्या सरावाला, रात्रीच्या लोकलला, गडावरच्या मुक्कामाला जाताना आपण मुलगी आहोत हे कुठे आणि किती दिसू द्यायचं याचा हिशोब त्या रोज करतात. फक्त तो साहसकथेत कुणी लिहीत नाही.

तेव्हा आमचा कौल असा. शाळेच्या ग्रंथालयाने पहिलं पुस्तक बिनधास्त घ्यावं आणि सातवीपासून पुढे हाती द्यावं, काटछाट न करता. किशोरांसाठी संक्षिप्त आवृत्त्या काढायची आपल्याकडे फार हौस, आणि कात्री नेमकी त्या वेश्येच्या आणि त्या झटापटीच्या पानांवरच चालेल, म्हणजे ज्या पानांसाठी पुस्तक द्यायचं तीच जातील. चौथं पुस्तक आठवी-नववीला, आणि वर्गात त्यावर एक तास बोलणं व्हावं. मधली दुसरं-तिसरं ज्यांना हवी त्यांनी वाचावीत. न वाचल्याने चौथ्यात फारसं अडत नाही. पाचव्यापासून पुढच्या पुस्तकांवर ग्रंथालयाचे पैसे घालू नयेत. ज्या मुलीला जॅकीचं वेड लागेल ती ती कुठून ना कुठून मिळवेलच, मैत्रिणीकडून, जुन्या बाजारातून, नाहीतर कॅथरीन केलग्रेनने गाणी आणि बोलींसकट वाचलेल्या ध्वनिपुस्तकांतून, आणि ती मिळवत असेल तर मध्ये पडू नये. त्या पैशांत शार्लट डॉयलच्या दोन प्रती येतील. आणि मराठीत लिहिणाऱ्या कुणाला १८१० सालच्या मुंबईच्या गोदीतली, सागवानाच्या भुशात वावरणारी, सुताराच्या पोराच्या वेषातली एखादी मुलगी सुचली, तर त्या पुस्तकासाठी कपाटात एक खण आत्ताच रिकामा ठेवायला आमची हरकत नाही.